माहेरघर, कोंबडीसकट

भामरागडच्या पुढे पावसाळ्यात नाले भरले की आमच्याकडे गाडी येत नाही. गाडी नाही म्हणजे भाजी नाही, टपाल नाही आणि तपासणीला साहेबही नाहीत. त्या दिवसांत एकच गोष्ट साठत जाते, ती म्हणजे किस्से. पाणी उतरलं की मी सुट्टीवर सिंदेवाहीला घरी येते आणि शेजारच्या बाया चहा ठेवायच्या आधीच विचारतात, "काय वं, यंदा काय झालं तिकडे?" मग मी सुरू होते. नवरा मात्र हळूच उठून जातो. नेटवर्क असेल त्या दिवशी त्याने हे सगळं फोनवर ऐकलेलं असतं.

मी नर्स आहे. आमच्या छोट्या सरकारी दवाखान्याला लागून एक माहेरघर आहे. दूरच्या पाड्यांवरच्या गरोदर बाईने दिवस भरत आले की इथे येऊन राहायचं, म्हणजे ऐन कळांच्या वेळी तिला खाटेवर घालून नाला ओलांडायची पाळी येत नाही. राहणं, जेवण, तपासणी सगळं इथेच. स्वयंपाक करते रैनीताई. ती इथलीच माडिया आदिवासी, आणि माडिया नि मराठी दोन्ही बोलते, म्हणून आमची दुभाषीही तीच. गाडी चालवतात चामोर्शीचे मोतीरामभाऊ. आणि डॉक्टर आहेत साताऱ्याचे, तरुण, फार मनापासून काम करणारे. किस्से बहुतेक त्यांच्यामुळेच होतात.

*

आल्या आल्या डॉक्टरांनी ठरवलं की पेशंटशी त्याच्या भाषेत बोलायचं. रैनीताई रजेवर होती, म्हणून त्यांनी मोतीरामभाऊंना विचारलं की "कुठे दुखतंय?" हे माडियात कसं म्हणायचं? मोतीरामभाऊंनी बिनधास्त एक वाक्य शिकवलं. डॉक्टरांनी ते रात्रभर घोकलं.

दुसऱ्या दिवशी पहिलाच पेशंट एक म्हातारा, पोट धरून आलेला. डॉक्टरांनी वाक्य म्हटलं. म्हाताऱ्याने खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. म्हातारा उठून खिडकीपाशी गेला आणि त्याने डोंगराच्या डाव्या अंगाला नीट बोट रोखून दाखवलं. पुढची बाई आली, तिने नदीकडे हात केला. तिसऱ्याने तर दार उघडून रस्ताच दाखवला. डॉक्टरांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, मेंदूवर परिणाम करणारी काही साथ आहे का इकडे?"

रैनीताई आल्यावर उलगडा झाला. ती पदर तोंडाला लावून हसत होती. "डॉक्टर, तुम्ही सगळ्याईले घर कुठी आहे ते विचारून राह्यले."

डॉक्टर ओशाळले. पण रैनीताईने नंतर त्या म्हाताऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला की हा डॉक्टर चांगला आहे, आधी घर विचारतो, मग पोट बघतो. डॉक्टरांनी खरं वाक्य शिकून घेतलं. पण जुनं सोडलं नाही. आजही आमच्याकडे आधी घर विचारतात.

*

पहिली दोन वर्षं माहेरघरात कुणी टिकत नव्हतं. बाया यायच्या, खोली बघायच्या, मान डोलवायच्या आणि घरी जायच्या. म्हणून दुल्से नावाची बाई राहायच्या तयारीनेच आली तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला. तिच्याबरोबर नवरा होता, सासू होती, दोन मुलं, एक कुत्रा, आणि बांबूच्या टोपलीत एक कोंबडी.

डॉक्टरांनी नियम सांगितला की सोबत एकाच जणाला राहता येईल. मंडळी बाहेर मोहाच्या झाडाखाली बसली आणि बराच वेळ बोलत राहिली. आम्हाला वाटलं, गेली ही परत. पण नवरा आत आला. सासू राहील, पोरं आणि कुत्रा घेऊन मी जातो, असं त्याने सांगितलं. टोपली मात्र तिथेच होती.

डॉक्टरांनी टोपलीकडे बोट केलं. नवऱ्याने रैनीताईला काही सांगितलं, आणि तिने ते अगदी गंभीरपणे आमच्यापर्यंत पोचवलं. "तिले हालवता येत नाई म्हणते. तिचेबी दिवस भरत आले."

टोपलीत कोंबडीखाली अंडी होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. शेवटी ते म्हणाले, "कोपऱ्यात ठेवा. वाऱ्यात नको."

त्यानंतर रोज सकाळी डॉक्टर माहेरघरात शिरले की आधी कोपऱ्यात वाकून बघायचे. अंड्यांवर बसलेली कोंबडी त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिलीच नव्हती. सासूने चार दिवस सहन केलं. मग एका सकाळी रैनीताईकरवी निरोप दिला, "डॉक्टर, एखांदा राऊंड माणसाईचाबी घ्या."

कोंबडी आधी मोकळी झाली, दुल्से नंतर. दोघींकडची सगळी लेकरं सुखरूप. आणि त्यानंतर माहेरघर रिकामं राहिलं नाही.

*

लालसू नावाच्या गृहस्थांना मलेरिया झाला. रक्ताची तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या, ताप उतरला, आणि ताप उतरल्याबरोबर लालसूंनी गोळ्या थांबवल्या. हे आमचं रोजचं दुखणं. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन समजावलं. ते ऐकून घ्यायचे, खाट टाकायचे, आंबील प्यायला द्यायचे. गोळ्या मात्र छपराच्या बांबूत तशाच.

एक दिवस ते स्वतःच दवाखान्यात आले. म्हणाले, तुम्ही माझं रक्त नेलं होतं, त्याचं काय केलं ते बघायला आलो. डॉक्टरांना एवढं निमित्त पुरे होतं. त्यांनी काचपट्टी शोधून काढली, सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि लालसूंना स्टुलावर बसवलं.

लालसू बराच वेळ डोळा लावून बसले. मग विचारलं, हे गोल गोल काय? डॉक्टर म्हणाले, हे तुमचं रक्त. आणि त्याच्या आत बसलेले हे कोण? हा ताप, डॉक्टर म्हणाले. लालसूंनी पुन्हा डोळा लावला. जिवंत आहेत का? नाहीत, काचेवर घेतल्यावर मेले. पण अंगात उरले असतील ते जिवंत असणार.

लालसू उठून गेले. नंतर कळलं की घरी जाऊन त्यांनी उरलेल्या सगळ्या गोळ्या नियमाने घेतल्या. पुढच्या महिन्यात ते भावाला हाताला धरून घेऊन आले. त्याचं अंग तापाने फणफणलं होतं. त्याला बाकावर बसवून लालसूंनी डॉक्टरांना सांगितलं, "याचेबी मारून दाखवा."

*

जुरूबाई ही आमच्या भागातली एकटी राहणारी म्हातारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला गडचिरोलीला नेऊन आणायचं ठरलं, पण ती कुणाबरोबर जायला तयार नव्हती. शेवटी म्हणाली, ती सिस्टर येत असेल तर जाते. ती मला फक्त आवाजाने ओळखायची. मी कुठून आले, माझ्या घरी कोण, मी काय खाते, सगळं तिने मोडक्या मराठीत विचारून घेतलं होतं.

गाडीत तिने माझा हात सोडला नाही. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत हात तसाच. एवढा विश्वास टाकलेल्या बाईचं काही वाईट झालं तर, असं मनात येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. जुरूबाईने डोळे मिचकावले, खिडकी पाहिली, भिंत पाहिली, आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. मी म्हटलं, "बाई, मी इथी आहे." तिने मान वळवली आणि मला वरपासून खालपर्यंत निरखलं. मला वाटलं आता रडेल, आणि मी पण तयार होते.

ती म्हणाली, "मले वाटलं, तू उंच असशील."

*

माहेरघरात राहायला आलेली चैते दिसेनाशी झाली तो दिवस मात्र हसण्यासारखा नव्हता.

तिचं बीपी वाढलेलं होतं, पायांवर सूज होती. डॉक्टरांनी तिला खाटेवरून फार उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. सकाळी मी गोळी द्यायला गेले तर खाट रिकामी. आम्हाला वाटलं मागे गेली असेल. मागे नव्हती. विहिरीवर नव्हती. डॉक्टरांनी ओपीडी सोडली. मोतीरामभाऊ गाडी घेऊन एका रस्त्याला, मी आणि रैनीताई पायवाटेला. रानात कुठे चक्कर येऊन पडली असेल, फिट आली असेल, असलं सगळं डोळ्यांपुढे येत होतं. रैनीताई हाका मारत होती आणि मधे मधे थांबून कान देत होती.

ऊन चढल्यावर चैते समोरून येताना दिसली. हळूहळू, एक हात कमरेवर ठेवून. मला रडू आवरेना. रैनीताईने मात्र तिला रागावून विचारलं, काऊन गेली, कुठी गेली?

चैते शांतपणे म्हणाली की तिच्या कुळाचा पेन, म्हणजे देव, वरच्या पहाडीच्या वाटेवर बसतो. बाळंतपण नेहमी गावातच होतं, तिथेच तो राखण करतो. आता ती दवाखान्यात राहायला आली हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो तिकडे गावात वाट बघत बसला असता. म्हणून त्याला नवा पत्ता सांगायला गेली होती.

डॉक्टरांनी तिला खाटेवर झोपवलं, बीपी घेतलं, दोनदा घेतलं. मग खुर्ची ओढून बसले. त्यांनी रैनीताईकरवी देव कुठे बसतो, कसा दिसतो, त्याला कोणत्या भाषेत सांगितलं, सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "चैतेबाई, देवाला सांगितलंत ते बरं केलं. पण आम्हालाही सांगून जायचं होतं."

चैतेला ते काही पटलं नाही. "तुमाले काऊन सांगू? तुमाले तर माहीत होतं, मी इथी आहे म्हणून."

*

आता एक किस्सा असा, जो मला कुणी विचारला नाही तरी मी सांगते.

ऐन पुरात मासे नावाच्या मुलीला दिवस भरायच्या फार आधी कळा सुरू झाल्या. बाळ झालं ते एवढंसं, माझ्या दोन ओंजळींत मावेल असं. त्याला गडचिरोलीला हलवायला हवं होतं, पण पुलावरून पाणी वाहत होतं. मासेचं रक्त बरंच गेलेलं, तिला उठून बसवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बाळाला माणसाच्या अंगाची ऊब पाहिजे, कातडीला कातडी. घरचं म्हणून तिथे एकटा तिचा नवरा होता, डोलू.

डोलू बांबू तोडायला जाणारा, उंचापुरा, कमी बोलणारा माणूस. मी त्याला शर्ट काढायला सांगितला तेव्हा त्याला वाटलं आता इंजेक्शन. मी बाळाला त्याच्या छातीवर ठेवून लुगड्याच्या पट्ट्याने बांधलं. तो श्वास रोखून उभा राहिला. मी म्हटलं, डोलू, श्वास घे, त्यालाही बरं वाटेल. त्याने रैनीताईला विचारलं, किती वेळ? डॉक्टर म्हणाले, जमेल तितका.

डोलूने ते शब्दशः घेतलं. तो तसाच जेवायचा, तसाच भिंतीला टेकून झोपायचा, तसाच मासेच्या खाटेशी बसायचा. आम्ही चमच्याने दूध पाजायचो तेव्हा तो बाळाच्या गळ्याकडे बघत राहायचा, घोट उतरला की नाही ते.

पाणी जरा उतरल्यावर गावातले पुरुष डोंग्याने, म्हणजे लाकडी होडीने, बघायला आले. त्यांच्यात गावचा म्हातारा पुजारी विज्जा होता. बाळंतपण आपल्या गावातच व्हावं, दवाखान्यात जाऊ नये, असं तो सगळ्यांना सांगत आलेला. तो दारातच थांबला. बाईसारखं छातीशी लेकरू बांधून बसलेल्या डोलूकडे सगळे बघत राहिले. कुणी हसलं नाही. हे काय करून राह्यला, एवढंच विज्जाने विचारलं. डोलू म्हणाला, "याले थंडी लागते." मंडळी थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

बाळ जगलं. वजन धरलं, रडायला लागलं, आईच्या अंगावर प्यायला लागलं. मासेही उठून फिरू लागली. घरी पाठवताना डॉक्टरांनी नीट समजावलं की आता असं बांधून ठेवायची गरज नाही.

धानाच्या कापणीच्या सुमारास मी आणि रैनीताई लसीकरणाला त्या गावात गेलो. मासे अंगणात धान कांडत होती. घरात बाळ नव्हतं. विचारलं तर तिने मुसळ न थांबवता गोटुलाकडे मान केली. गोटुल म्हणजे गावाने एकत्र बसायची जागा.

गोटुलात चार-पाच पुरुष बसले होते. मधल्या खांबाला टेकून विज्जा, उघड्या अंगाने, आणि त्याच्या छातीवर धोतराच्या फडक्याने बांधलेलं डोलूचं पोरगं. चांगलं गुटगुटीत, फडक्यातून दोन्ही पाय बाहेर लोंबत होते. गाढ झोपलेलं. रैनीताईने चौकशी केली. ते घरी आल्यापासून असंच चाललं आहे, तिला सांगितलं गेलं. डोलू कामाला गेला की गावात जो असेल तो घेतो. आज विज्जाची पाळी.

मी विज्जासमोर बसले. म्हटलं, "बाबा, डॉक्टरने सांगितलं होतं ना, पोरगं आता धडधाकट आहे. आता याची गरज नाई."

रैनीताईने ते माडियात सांगितलं. विज्जाने ऐकून घेतलं. मग खाली बाळाच्या टाळूकडे बघत तो इतक्या हळू काहीतरी बोलला की रैनीताईला त्याच्यापाशी वाकावं लागलं.

मी विचारलं, काय म्हणतात?

रैनीताई सरळ झाली. मग म्हणाली, "म्हणते, पोराची गरज संपली असन."