देव्हाऱ्यापुढची कुजबुज

मला देवाचा हेवा वाटतो. हसा खुशाल. कुणाला साडूच्या बंगल्याचा वाटतो, कुणाला शेजाऱ्याच्या नव्या गाडीचा, मला आमच्या देव्हाऱ्यातल्या पितळी बाळकृष्णाचा वाटतो. अंगठ्याएवढा आहे तो, एका हातात लोण्याचा गोळा घेऊन रांगतोय. आणि त्याच्याशी माझी बायको रोज सकाळी पोटभर बोलते.

हे मला कळलं तेसुद्धा रिटायर झाल्यावर. नोकरीभर मी शाहपूरला गणित शिकवलं. बुऱ्हाणपूरहून सकाळची बस गाठायची म्हणजे चहा घशाखाली ओतायचा आणि पळायचं. आपल्या घरात सकाळी काय चालतं ते मला पाहुण्याएवढंच ठाऊक होतं. रिटायर झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी पेपर घेऊन बसलो होतो, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून तिचा आवाज ऐकू आला. कुणाशी तरी हळू आवाजात बोलणं चाललं होतं. मला वाटलं मुलीचा फोन असेल. पण फोन तर माझ्यासमोर चार्जिंगला लावलेला होता.

दाराशी जाऊन पाहिलं, तर ही पाटावर बसून ताम्हणात बाळकृष्णाला चिंचेनं घासत होती आणि त्याला सांगत होती. काय सांगत होती ते कळलं नाही. मधेच हसली. अगदी खुदकन, शाळेतल्या पोरी बाकाखाली तोंड घालून हसतात तशी. माझ्यासमोर ती अशी कधी हसली होती, ते मला काही केल्या आठवेना.

मग तिनं मला पाहिलं आणि एकदम गप्प झाली.

"काय हवंय?"

"पाणी," मी म्हटलं.

तिनं माठाकडे बोट दाखवलं आणि मी पाणी पिऊन बाहेर जाईपर्यंत तोंड उघडलं नाही. मी खुर्चीत बसलो न बसलो तोच कुजबुज पुन्हा सुरू. असा राग आला म्हणून सांगू! आयुष्यभर संसार माझ्याशी केला आणि मनातलं सांगायला हा रांगणारा?

मी ठरवलं, आपणही देवाला धरायचं. रिटायर मास्तरांचा आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर रोज सकाळी कुणी ना कुणी टाकतंच: लवकर उठा, कोमट पाणी प्या, डोळे मिटून शांत बसा, स्वतःच्या आत डोकावा, मिळालं त्याचे आभार माना, खरे तुम्ही तुम्हाला भेटाल. मी सगळं केलं. गच्चीवर चटई टाकून बसलो. खालच्या गल्लीत पॉवरलूमची खटकखटक सुरू असते, तिच्यासकट बसलो. आत डोकावलो. आत कालची मटकीची उसळ होती आणि एक जुने हेडमास्तर होते, ज्यांच्याशी माझं कधी पटलं नाही. आभार मानायला बसलो तर घरदार, तब्येत झाली आणि मग नळाच्या पाण्यावर येऊन अडकलो. खरा मी काही भेटायला आला नाही. आला असता तरी त्याच्याशी बोलायला मला सुचलं असतं की नाही, देव जाणे.

आणि ही? हिनं कधी डोळे मिटले नाहीत, मांडी घातली नाही, कोमट पाणी तर तिला मळमळतं. पण देव्हाऱ्यापुढून उठायची तेव्हा चेहरा असा, जणू आत्ताच माहेरी जाऊन आली. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरबसल्या रोज माहेर, आणि मी चटईवर!

मग मला आमच्या घरची रीत आठवली. सोयीची होती म्हणून आठवली, हे उघड आहे. आमच्याकडे घरातला पुरुष नोकरीतून सुटला की पूजा त्याच्याकडे येते. वडिलांनी केली, आजोबांनी केली. मी एकादशी बघून सकाळी पाटाजवळ जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "उद्यापासून पूजा मी करीन. फार वर्षं केलीस. आता तुला आराम."

ताम्हण तिच्या हातात होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली. एवढंच.

बाकी सगळ्यांनी वाहवा केली. निंबोल्याहून तिच्या भावाचा फोन आला, "दाजी, एकदम बढिया काम केलं! माझी बहीण नशीबवान हो!" मीही फुशारलो. बायको देव्हाऱ्यापाशी मनातलं सांगायची, आता देव्हारा माझ्या ताब्यात, म्हणजे सांगेल मलाच. गणितच होतं ते साधं.

पूजा मी झोकात करायचो. मंत्र खणखणीत, घंटा अशी की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायचं. चंदन, अक्षता, फुलं सगळं क्रमानं. बाळकृष्ण माझ्याकडे इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबासारखा बघायचा. तो काही बोलायचा नाही आणि मला मंत्रांशिवाय काही बोलायचं नसायचं. दहीभाताचा नैवेद्य दाखवून मी सुटायचो.

आणि घर चिडीचूप झालं. ही पोळ्या लाटायची, लाटण्याचा आवाज यायचा, बस्स. वरणात मीठ राहून जायला लागलं. मी विचारलं, बरं नाही का, तर म्हणे, "बरी आहे की." जेवताना मी बोलायचो, ती हं हं करायची. संध्याकाळी खिडकीशी बसून रस्त्याकडे बघायची. मी मनातल्या मनात म्हणायचो, आता सांग ना बाई, आता मधे कोण आहे?

पंधरवडा गेला असेल नसेल, एका पहाटे ती चपला घालताना दिसली.

"कुठं?"

"तापीवर जाऊन येते, राजघाटाला. पाय मोकळे होतात."

परत आली तेव्हा तोच चेहरा! तोच, माहेरचा! मी हातात घंटा घेऊन बघतच राहिलो. दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशीही. त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातून गाणं गुणगुणल्याचा आवाज आला.

चौथ्या पहाटे मी तिच्या मागे गेलो. हो, गेलो. या वयात, स्वतःच्या बायकोच्या मागे. घाटाच्या वरच्या अंगाला उभा राहिलो. खाली काही बायका आंघोळ करत होत्या, एक म्हातारा सूर्याला पाणी देत होता. ही सगळ्यांपासून जरा लांब, पायऱ्यांवर बसली होती, पाय तापीच्या पाण्यात सोडलेले. आणि बोलत होती. हातवारे करून. मधेच हसत. मधेच पदरानं डोळे पुसत. आधी देव, आता नदी! आमच्या गावात सगळेच तापीला माय म्हणतात, मीही म्हणतो. पण त्या सकाळी मला त्या मायचाही असा मत्सर वाटला की तिच्याकडे बघून हात जोडायचेसुद्धा राहिले. तसाच माघारी फिरलो.

ती घरी आली, पोहे केले, बशी समोर ठेवली. मी बशी बाजूला सारली.

"काय सांगत होतीस नदीला?"

ती दचकली नाही. "मागे आला होतात, माहितीय मला. तुमच्या चपलेचा फटकफटक आवाज गल्लीपासून येत होता."

"ते राहू दे. देवाशी बोलतेस, तापीशी बोलतेस. मी काय घोडं मारलंय तुझं? मला सांगता येत नाही?"

"सांगते की. परवाच सांगत होते, समोरच्यांची सून—"

"माहेरी गेली. माहीत आहे मला. तिच्या वडिलांचं ऑपरेशन होतं, तर त्यासाठी—"

तिनं चमचा खाली ठेवला. माझ्याकडे शांतपणे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"सून माहेरी नाही गेली," ती म्हणाली. "तिला नोकरी लागलीय खंडव्याला. घरात कुणाला पटत नव्हतं, पण ती गेली. मला इतका आनंद झाला होता की कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. तुम्हाला सांगायला बसले, तर तुम्ही ऑपरेशन काढलंत. मग तापीला सांगितलं. तापीमाय मधे बोलत नाही हो. बाळकृष्ण पण नाही बोलत."

"पण मी कधी मधे बो—"

हेही मी मधेच बोललो होतो. तिचं वाक्य संपलंच नव्हतं, तिला अजून बोलायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती उठली आणि बशा उचलून आत गेली.

दिवसभर मी धुसफुसत होतो. मास्तर माणूस मी. पोरगं उत्तर द्यायला उभं राहिलं की अर्ध्यातच मला कळायचं, "बस, कळलं, बैस खाली," म्हणायचो. त्याला मी हुशारी समजायचो आणि अजूनही थोडी समजतो. पण तिच्या बाबतीत मला काही कळलेलं नव्हतं, आणि त्या अंगठ्याएवढ्या पितळेला सगळं ठाऊक होतं, हे मला सहन होईना. मला ते सगळं हवं होतं. तिचं हसू हवं होतं, सुनेची नोकरी हवी होती, पदराला पुसलेलं ते जे काही होतं तेही हवं होतं.

रात्री जेवताना म्हटलं, "माझे गुडघे फार धरलेत. पाटावर बसवत नाही. पूजा तूच कर बाई आपली."

गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. तिला ते कळलं. भात कालवता कालवता तिच्या ओठाचा कोपरा हलला. सकाळी मला जाग आली ती कुजबुजीनंच.

मी उठलो, तोंड धुतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन, पाटापासून जरा मागे, भिंतीला टेकून बसलो. निंबोल्याहून तिचा भाऊ शेतातला कापूस पाठवतो, त्याची पिशवी पुढ्यात ओढली. "वाती वळतो," म्हटलं. तिनं वळून बघितलं, "तुम्ही?" आणि माझ्याकडून पहिली वात झाली ती बोटाएवढी जाड. "मशाल पेटवायचीय का?" असं म्हणून तिनं दाखवलं, सरकी काढायची, कापूस ओढायचा, बोटाला दुधाचा नुसता हात लावायचा, मग वळायचा. बाकी त्या दिवशी ती देवाशी एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी रोज जाऊन बसत होतो. ग्रुपवर शांत बसा म्हणून सांगतात ना, ते असं असतं हे कुणी लिहीत नाही. जिभेला मुंग्या येतात.

मग एका सकाळी ओठ हलले. हळूहळू आवाज आला. हळूहळू ती मी तिथं नसल्यासारखी बोलायला लागली. कामवाली आली नाही, मुलगी फोनवर घाईत होती, भावाच्या केळीला घड चांगले धरलेत. तिच्या बोलण्यात चुका असायच्या. ज्या लग्नाला आम्ही रावेरला गेलो होतो ते तिनं भुसावळला नेऊन ठेवलं. रावेर, रावेर, असं माझ्या आत कुणीतरी ओरडत होतं. मी जीभ दाताखाली धरली आणि कापूस ओढत राहिलो. पण हेवा काही कमी होत नव्हता. ती बोलायची त्याच्याकडे बघून. माझ्या वाट्याला तिची पाठ आणि अंबाडा.

गेल्या महिन्यात माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका मास्तरांची बायको गेली. आम्ही भेटायला गेलो. तो बिचारा कोपऱ्यात बसला होता आणि आल्यागेल्याला नुसती मान हलवत होता. बायका आपसात म्हणत होत्या, सोनं झालं तिचं, भरल्या कपाळानं गेली, नवऱ्याच्या आधी गेली. ही त्या कोपऱ्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीशी बसलो होतो. तिनं बाळकृष्णाला आंघोळ घातली, पुसलं, चंदन लावलं. मग म्हणाली, "हे बघ. लग्न झाल्यापासून वडाला, हरतालिकेला, सगळीकडे मी एकच मागत आले. यांच्या आधी मला ने. ते माझं मागणं रद्द कर."

माझी बोटं थांबली.

"काल पाहिलंस ना तो माणूस? मी आधी गेले तर यांचं तसं होईल. म्हणून आधी यांना ने आणि मग मला. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, मी राहीन मागे पांढऱ्या कपाळानं. माझं काय, मला तू आहेस बोलायला. यांना माझ्याशिवाय कुणी नाही. यांना तर तुझ्याशीसुद्धा बोलता येत नाही."

मी मान खाली घातली आणि पुढची वात वळायला घेतली. अहेवपणी जायचं, एवढं एकच मागणं तिनं आयुष्यभर स्वतःसाठी केलं होतं. तेही तिनं सोडून दिलं. माझ्यासाठी सोडलं, आणि सांगितलं त्याला.