नकाशावरचं खळं

मी निघाले त्या दिवशी आय घरासमोरच्या खळ्यातून उठली नाही. विकायचा जवळा नुकताच उन्हात सुकायला पसरला होता, कावळे टपून बसले होते आणि गाडीवाला रस्त्यावरून हॉर्न वाजवत होता. तिने काठीने कावळे हाकलले आणि त्याच हाताने मला जायची खूण केली. "जा बाय. पोचलीस की सांग," एवढंच म्हणाली. काशीदच्या पुढच्या आमच्या कोळीवाड्यापासून विमानतळापर्यंत मी तिच्यावर धुमसत होते. बाकीच्यांच्या आया निदान रडतात. माझीला जवळ्याची काळजी. आज त्या रागाची मला लाज वाटते, कारण त्याच जवळ्याची माती मी केली, आणि तीसुद्धा इतक्या लांब बसून.

न्हावा शेवा बंदरात मी कंटेनरची कागदपत्रं करायचे, त्याच कामावर रॉटरडॅमला आले. पहिला हिवाळा ऑफिस, खोली आणि सुपरमार्केट यांतच गेला. मग ऑफिसातल्या एकीने माझ्या फोनवर एक गेम टाकून दिला. रस्त्याने चालत राहायचं, नकाशावर प्राणी उमटतात, ते पकडायचे. दुर्मीळ प्राणी शोधायला खेळणाऱ्यांनी स्वतःचाच एक नकाशा आणि ग्रुप चालवलेला. कुठे काय निघालंय तिथे कुणीतरी नकाशावर खुणेची पिन टाकतं, पिनखाली टीप लिहितं: मागच्या फाटकाने जा, कुत्रा चावत नाही. या शहरातली पहिली माणसं मला त्या पिनांपाशी भेटली. घर सोडून आलेल्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको. एकदा एका म्हाताऱ्याच्या बागेच्या कुंपणाला टेकून मी तासभर उभी होते. तो खिडकीतून बघत होता. मी मान वर केली नाही. टिपेत लिहिलेलंच होतं, आजोबा काही बोलत नाहीत.

नकाशा सरकवत सरकवत मी आमच्या किनाऱ्यावर जायचे, तर तिथे खेळातली जागा म्हणून फक्त रिसॉर्टच्या दारातला सिमेंटचा डॉल्फिन होता आणि आमचा वाडा कोरा. ते मला लागलं. खेळात बरीच पुढे गेलेल्यांना नवी जागा सुचवता येते. आमच्या खळ्याच्या कोपऱ्यात आजोबांच्या होडीचा नांगर उभा केलेला आहे, नारळी पुनवेला आय त्याला हळदकुंकू वाहते. त्याचा जुना फोटो पाठवला, खाली चार ओळी लिहिल्या. खेळणाऱ्यांपैकी कुणीकुणी मतं दिली आणि नांगर मंजूर झाला. मी आयला फोन केला.

"आय, आता लोक येतील नांगर बघायला. माझीच माणसं समज."

"येव दे की," ती म्हणाली.

त्यानंतर सहा वर्षं झाली, मी एकदाही गेले नाही. आधी सुट्टी नव्हती, मग इथे राहायच्या परवान्याचं अडलं, आणि नंतर खरं सांगायचं तर जायचं मनच झालं नाही. रविवारी फोन मात्र चुकवला नाही. लोक येतात का, असं विचारलं की आय म्हणायची, "येतान ना. चांगली हायत पोरा. तुजी आठवन काढतान." मला बरं वाटायचं. खेळात माझं नाव वेगळंच आहे, तिकडच्या एकाही खेळाडूला मी ओळखत नाही. मग आठवण काढतंय कोण? पण गोड वाटत होतं, म्हणून मी कधी खोलात शिरले नाही.

गेल्या महिन्यात आमच्या किनारपट्टीवर एक फार दुर्मीळ प्राणी निघाला. ग्रुपवर नुसती धावपळ. आणि पिन कुठे, तर आमच्या नांगरावर. मी कौतुकाने उघडली. खाली टीप होती: 'गाडी समोरच्या मोकळ्या जागेत घाला, भरपूर जागा आहे. वास सहन करा. तिथल्या मावशींना सुनंदाचे मित्र आहोत असं सांगा. चहा मिळतो, बाथरूमही वापरू देतात.' सुनंदा म्हणजे मी. शेजारी कुणीतरी फोटो जोडलेला. पसरलेल्या जवळ्यातून टायर गेल्याचे दोन पट्टे, आणि त्यांच्या पलीकडे कपांचा ट्रे धरून हसत उभी असलेली माझी आय.

त्या दिवशी रविवार नव्हता, तरी फोन लावला. म्हटलं, "आय, ती माझी कुणी नाहीत गं. मी एकालाही ओळखत नाही."

"ठाव हाय," म्हणाली. "पयली पोरा आयली तवा मीच इचारला, सुनंदाची दोस्त का रं? ती हो म्हनली. मंग तू कशी हायस ता इचारला, त एकमेकांच्या तोंडाकडं बघाया लागली. तवाच समाजला."

"मग हाकललं का नाहीस? जवळ्यावर गाड्या घालतात."

"जवला आता मागं पसरते, थोडाच. तुजा नाव घेतान, बाय. तुजा नाव घेनाऱ्याला मी कशी हाकलू?"

मागे म्हणजे घराच्या सावलीत. तिथे दुपारनंतर ऊन येत नाही, जवळा धड सुकत नाही, हे तिने मला सांगायची गरज नव्हती, मी त्याच खळ्यात वाढले. तिच्या निम्म्या कमाईवर मी परक्यांच्या गाड्या उभ्या केल्या होत्या आणि ती त्यांना माझ्या नावाचा चहा पाजत होती. मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

मग नांगर खेळातून काढून टाकायचा अर्ज शोधला. जागेचं नाव भरलं, कारण लिहिलं, टायरच्या पट्ट्यांचा फोटो जोडला. शेवटी एकच प्रश्न होता: तुम्ही या ठिकाणी राहता का? हो आणि नाही. बोट 'हो'वर नेलं, तिथेच बराच वेळ धरलं. आयुष्यभर कागदपत्रं करत आले आहे, खोटं भरायला जमलं नाही. 'नाही' दाबलं. पडद्यावर उत्तर आलं: ही विनंती फक्त तिथल्या रहिवाशालाच करता येईल.