हलकी टाच

"पाय बघू नका, पाय ऐका," असं म्हणून सर डोळे मिटायचे आणि आम्हाला मॅटवर चालायला लावायचे.

रोह्यातल्या एका हॉलमध्ये ते आयकिडो ही जपानी युद्धकला शिकवत. नोकरी धाटावच्या कंपनीत. सकाळची शिफ्ट संपली की तिथूनच यायचे. सुरुवातीचे कित्येक महिने त्यांनी आम्हाला कोणाला पाडायला शिकवलंच नाही. पाऊल सरकवायचं, चवड्यावर वळायचं, टाच हलकी ठेवायची, एवढंच. "समोरचा अंगावर आला की तुम्ही तिथं नसाल, तेवढं जमवा."

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. "गडब, टाच वाजली! खांब, बैल वळवताय काय?" मी पेणच्या शाळेत शिकवते, म्हणून मी 'पेणच्या बाई'.

ते स्वतः खाडीकाठचे, मिठागरावर वाढलेले. तिथल्या चिखलात पाय आधी उपसावा लागतो, मग पुढे टाकता येतो. ती सवय मोडायला फार वर्षं गेली, असं सांगत. "आई एकदा क्लास बघायला आली. म्हणाली, एवढं शिकून चालायलाच शिकलास व्हय?"

बसमध्ये चढताना कोणी मागून घुसलं, तर सर नुसते अर्धे वळायचे. घुसणारा पायरीवर बसायचा. "लागलं काय हो?" वर सरच विचारायचे. असं माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल.

एका संध्याकाळी मॅटवर लाल डाग दिसले. सर वाकले. एका डागापासून अर्धगोल फराटा निघाला होता. ते मास्तरच्याच सुरात म्हणाले, "कोण वळलं हे? टाच ओढलीय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गडबचा हळूच म्हणाला, "सर, तुमची हाय."

चपलेचा खिळा वर आला होता. तो दिवसभर टाचेत रुतत होता आणि त्यांना कळलं नव्हतं. मधुमेहाने तळपायांची जाणीव गेली होती. डॉक्टरांनी अनवाणी चालायला कायमची बंदी केली. आणि मॅटवर पादत्राण नाही, हा सरांचाच नियम.

आम्ही वर्गणी काढून मऊ तळव्याचे कॅनव्हासचे बूट आणले. बाहेरची माती न लागलेले, फक्त मॅटसाठी. त्यांनी ते हातात उलटसुलट केले. "चांगले हायत," म्हणाले आणि पिशवीत ठेवले.

त्यानंतर ते मॅटच्या कडेला खुर्चीवर बसत. चप्पल घातलेली पावलं कडेच्या आत चुकूनही येत नसत. डोळे मिटून म्हणत, "पेणच्या बाई, डावी जड पडतेय." कोणी चांगलं वळलं की मात्र त्यांचे गुडघे खुर्चीतच किंचित फिरत. आम्ही दुसरीकडे बघायचो.

ते गेल्यावर मी घरी त्यांच्या पत्नीला, वहिनींना, भेटायला गेले. वहिनींनी तीच पिशवी पुढे केली. "तुम्ही मंडळींनी दिलेले. कोणाला होत असतील तर न्या."

"सरांनी घातले नाहीत का कधी?"

"घातले नाय कसे? सकाळी दुधाचं पातेलं हातात घेऊन ओट्यापुढे गोल फिरायचे. मी ओरडायचे, अहो, दूध सांडंल! तर म्हणायचे, सांडलं तर मी चुकलो."

"सांडलं कधी?"

वहिनींनी मान हलवली. "नाय गो."

एसटीत बसल्यावर मी बूट उलटे करून पाहिले. चवड्याखाली कापड गोल झिजलं होतं, पार आतला धागा दिसेपर्यंत. टाचा कोऱ्या होत्या.