टायरांची इयत्ता

बाईआत्याच्या गाडीला पाच टायरं होती आणि त्यांतलं एक कायम रजेवर असे. चार चाकांना आणि पाचवं डिकीत, हे सगळ्यांच्याच गाडीत असतं. पण इतरांची स्टेपनी वेळ येईपर्यंत डिकीतच पडून राहते. आत्याला तो अन्याय वाटे. दर महिन्याच्या एक तारखेला ती अंगणात येऊन उभी राहायची आणि जाहीर करायची, "आज डाव्या मागच्याची छुट्टी. स्टेपनी ड्यूटीवर." मग मी जॅक लावायचा, चाक उतरवायचं, दुसरं चढवायचं. मी तेव्हा नुकताच बँकेत लागलो होतो, टाय बांधून कामावर जायचो, आणि अख्ख्या माधवनगरात माझी ओळख 'बाईंच्या गाडीची चाकं बदलतात ना, ते' अशी होती.

मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची म्हणून गावाची बाई, आणि माझ्या वडिलांची थोरली बहीण म्हणून माझी आत्या. दोन्ही मिळून बाईआत्या. लग्न केलं नव्हतं, आमच्याच घरात पुढच्या खोलीत राहायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उज्जैनात एकेका घरासमोर छोट्या पांढऱ्या गाड्या उभ्या राहू लागल्या, त्यांतली एक तिनं पन्नासाव्या वर्षी घेतली आणि स्वतः चालवायला शिकली. ताशी तीस किलोमीटरच्या वर काटा गेला की तिला घाम फुटे. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात आणि जाता जाता नमस्कार करत, कारण त्यांच्या मुली तिच्या वर्गात असत.

काळजीला तिच्या वेळापत्रकात रीतसर तास होते. सकाळी गॅसचं बटण, दुपारी दूध, संध्याकाळी कुलूप. कुलूप तीनदा ओढून बघायचं, मग फाटकापर्यंत जायचं आणि चौथ्यांदा परत यायचं. गाडी आल्यावर यात टायरांची भर पडली. निघायच्या आधी ती प्रत्येक टायरच्या खाचेत रुपयाचं नाणं उभं करून बघे, किती आत जातं ते. खाच उथळ झाली की टायर संपलं, हे तिला कोणीतरी सांगितलेलं होतं. उन्हानं रबर खराब होऊ नये म्हणून तिनं जुन्या चादरी फाडून चाकांना गुंड्यांची झबली शिवली होती. समोरचे जोशीकाका विचारत, "बाई, बाळांची आंघोळ झाली का?" आत्या शांतपणे म्हणे, "झाली. तुमच्या स्कूटरची बघा, नाक वाहतंय तिचं."

या सगळ्या काळजीच्या तळाशी एक गणित होतं आणि त्या गणितावर ती निश्चिंत होती. गाडी घेतली तेव्हा देवास गेटजवळच्या टायरवाल्यानं तिला सांगितलं होतं, "बेनजी, चालीस हज्जार किलोमीटर तो आराम से निकाल देंगे." आत्यानं पाटी घेतल्यासारखं वहीचं मागचं पान घेतलं. रविवारी गोपाळमंदिर, गुरुवारी दत्त, मधून टावर चौकातली भाजी, मिळून महिन्याला शंभर किलोमीटर. म्हणजे चारशे महिने. म्हणजे तेहतीस वर्षं चार महिने. "माझ्या त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत बघायला नको," ती म्हणाली. "शिवाय पाळीपाळीनं आराम, ते वेगळंच." मी बँकेतला माणूस. मीही तो हिशेब तपासला. बरोबर आला. मी कौतुकानं मानसुद्धा हलवली.

सात वर्षं अशीच गेली. मग बाबांच्या छातीत दुखायला लागलं.

उज्जैनच्या डॉक्टरांनी इंदूरला पाठवलं आणि इंदूरच्यांनी ऑपरेशन सांगितलं. बाहेरगावचे एक मोठे सर्जन दोन दिवसांसाठी यायचे होते. मंगळवारी दुपारी बाराच्या आत भरती व्हायचं, बुधवारी ऑपरेशन. ही वेळ चुकली तर पुढचा महिना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की महिनाभर थांबणं त्यांना पसंत नाही. मी ते घरी येऊन फक्त आत्याला सांगितलं. तिनं ऐकलं, गॅसचं बटण बघून आली आणि म्हणाली, "बसचे धक्के नकोत बाळूला. आपली गाडी न्यायची. तू चालव." बाबा तिचे धाकटे भाऊ, तिच्यासाठी अजून बाळूच.

मे महिना. साडेआठला निघालो. आत्यानं पाचही टायरांत नाणं उभं केलं, पाचही वेळा ते अर्ध्यापर्यंत आत गेलं. नक्षी अशी, की कालच दुकानातून आणली असावीत. बाबा मागे आडवे टेकले, आत्या त्यांच्या शेजारी, हातात त्यांचं मनगट. नाडी तिला कळत नव्हती, पण ती मोजत होती. मी आरशात बघितलं की तिचे ओठ हलताना दिसायचे.

सांवेरच्या अलीकडे गाडीतून ढब ढब असा आवाज यायला लागला.

"थांब," आत्या म्हणाली.

"रस्ता खराब आहे आत्या."

"रस्ता खराब असला तर आवाज कमीजास्त होतो. हा एकसारखा येतोय. थांब म्हणते नं."

मी थांबलो नाही. बारा वाजायचे होते, माझ्या डोक्यात ते बाराच फिरत होते. शिवाय सात वर्षं दर महिन्याला चाकं बदलणाऱ्या माणसाला टायरांबद्दल कोणी शिकवू नये असं मला वाटत असे. दोन मिनिटांनी मागून बार उडाल्यासारखा आवाज झाला, गाडी डावीकडे ओढली गेली आणि मी स्टिअरिंगला लटकून तिला कशीबशी बाभळीपाशी आणून उभी केली. बाबा हळूच म्हणाले, "लग्न आहे का कोणाचं?"

डाव्या मागच्या टायरचा वरचा थर, सगळ्या नक्षीसकट, फुलक्याचा पापुद्रा सुटावा तसा सुटून लोंबत होता. नक्षी अजूनही नवीकोरी. मी दहा मिनिटांत स्टेपनी चढवली. तेवढं एक काम मला येत होतं. थोडं पुढे एक पंक्चरवाला दिसला. पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, पांढरी दाढी. त्यानं फाटलेलं टायर हातात घेतलं, खाचा बोटांनी फाकवल्या आणि आतल्या बारीक बारीक भेगा दाखवल्या. कोरड्या पडलेल्या तळ्यासारख्या. मग उकिडवा बसत बसत बाकीच्या चारांकडे गेला आणि प्रत्येकात अंगठ्याचं नख रोवून बघितलं, दुधी भोपळा बघतात तसं. एकातही नख गेलं नाही.

"गाड़ी कित्ते साल की है बेनजी?"

"सात."

"और टायर?"

"गाड़ी के साथ के ही हैं," आत्या म्हणाली. "पर चले कहाँ हैं भैया? दस हजार भी नहीं."

"चले नहीं, पर सात गर्मी तो खा ली ना इन्ने. घिसने से जो जाता है वो दिखता है. उमर से जो जाता है वो नहीं दिखता. पाँच साल के बाद तो हर साल किसी जानकार को दिखाना पड़ता है, चाहे गाड़ी खड़ी रेई हो." तो हात पुसत उभा राहिला. "पाँचों हमउमर हैं. एक गया. बाकी के कब जाएँगे, मैं नी बता सकता. खाली गाड़ी ले जाओ तो तुम्हारी मर्जी. मरीज को मत बिठाओ."

या मापाचं टायर त्याच्याकडे नव्हतं. सव्वादहा झाले होते. मी म्हटलं, "आत्या, हळू नेतो. तीसच्या वर नाही. पोचू." माझा आवाज मला स्वतःलाच पटत नव्हता. आत्या गाडीकडे बघत होती. कुलूप चारदा ओढणारी बाई ती. मला वाटलं आता ही रडणार, किंवा नाणं काढून पुन्हा खाचा मोजणार.

तिनं गाडीची किल्ली माझ्या हातातून घेतली आणि पंक्चरवाल्याच्या हातात दिली. त्याचं नावसुद्धा तिनं विचारलं नाही. "बाळूला धर," मला म्हणाली, आणि छत्री उघडून डांबरी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. उज्जैनहून येणारी पहिली बस तिच्यापासून चार हातांवर थांबली.

"खड़े खड़े जाना पड़ेगा माताजी," कंडक्टर म्हणाला.

"मैं खड़ी रहूँगी. ये बैठेंगे." मग बसमध्ये नजर फिरवून, वर्गातल्या आवाजात, "वो खिड़की के पास नीले शर्टवाले भाईसाब उठेंगे. उठिए." निळा शर्ट उठला. त्याच्या शेजारचाही उठला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बस सुटली तेव्हा मी तीनदा मागे वळून गाडीकडे बघितलं. आत्यानं एकदाही बघितलं नाही. दांडीला धरून ती उभी होती आणि दुसऱ्या हातात बाबांचं मनगट होतं. पावणेबाराला आम्ही दवाखान्याच्या पायऱ्या चढलो.

ऑपरेशन झालं. बुधवारी सर्जननं बाहेर येऊन 'ठीक आहे' म्हटलं, त्यानंतर बाकावर मी तिला चहा आणून दिला तेव्हा तो तिनं न पिताच बाकावर ठेवला. "गणित बरोबर होतं रे," ती म्हणाली. "प्रश्नच चुकीचा घेतला होता मी. टायर किती चालेल ते विचारलं. किती जगेल ते विचारलंच नाही." मी कबूल केलं की तपासणाराही तितकाच हुशार होता. "तू तर गाडीही थांबवली नाहीस," ती म्हणाली. हे वाक्य तिनं पुन्हा आयुष्यात उच्चारलं नाही. मला ते रोज ऐकू येतं.

चौथ्या दिवशी मी नवी टायरं घेऊन गाडी आणायला गेलो. ती शेडमागच्या निंबाच्या सावलीत उभी होती, पुसलेली, आणि पंक्चरवाल्यानं डिकीतली झबली शोधून चारही चाकांना घातली होती. गुंड्यासुद्धा लावल्या होत्या.

रजेची पद्धत त्या दिवसापासून बंद झाली. आत्यानं शाळेच्या वह्यांवर चिकटवतात ती लेबलं आणली, पाच टायरांची पाच, आणि डिकीच्या झाकणाच्या आतून ओळीनं चिकटवली. नाव: डावं पुढचं. इयत्ता: पहिली. दर वर्षी जुनी इयत्ता खोडून पुढची. पाचवी संपली की लाल शाईनं नाव काढायचं, नक्षी कशीही असो. "पाचवीनंतर माझ्या शाळेत ठेवत नाही," ती म्हणे. "पुढे कोणाला परवडत असेल त्यानं दरवर्षी तज्ज्ञ बोलवावा." मग तिनं कॉलनीकडे मोर्चा वळवला. नव्या गाड्या भराभर येत होत्या आणि प्रत्येक जण मायलेजबद्दल बोलत होता. ही चाकाशी वाकून नख रोवायची आणि विचारायची, "यांचं वय काय?" मुलगी बघायला आल्यासारखं. जोशीकाकांनी चिडून टायरं बदलली आणि जुनी तिच्या दारात आणून ठेवली. तिनं त्यात कोथिंबीर लावली आणि पहिली जुडी त्यांच्याकडे पाठवली.

बाबा पुढे चौदा वर्षं जगले. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी एका संध्याकाळी आत्या टावर चौकातून भाजी घेऊन आली आणि किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "आता तू ने. मी चालवणार नाही."

"काय झालं? कोणाला लागलं का?"

"काही झालं नाही. म्हणून तर."

"अगं, नजर चांगली आहे, हात चांगले आहेत. अजून दहा वर्षं आरामात चालवशील."

"त्या देवास गेटच्या टायरवाल्यानंही असंच सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि भाजी निवडायला आत गेली.

तीन वर्षांनी ती गेली. झोपेत, कोणाला काळजी न देता. हा एक तास तिनं आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला मोकळा दिला. गाडी विकायला काढली. घेणाऱ्यानं डिकी उघडली, टायरं चौथीत असल्याचं वाचून तो हसला आणि मग म्हणाला, "ये छठा किसका है?" पाच लेबलांच्या खाली, कोपऱ्यात, झाकण पूर्ण वर केल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी सहावं लेबल होतं. नाव तिचं स्वतःचं. इयत्ता पहिली, खोडून दुसरी, खोडून तिसरी, अशी दहावीपर्यंत, दर वर्षी वेगळ्या पेनानं. आणि शेवटी नावावरून पट्टीनं मारलेली एक लाल रेघ. खाली पहिल्या वर्षीच्याच, फिकट झालेल्या शाईत लिहिलं होतं: दहावीनंतर नाव काढणे. शेवटची दहा वर्षं ती गाडी चालवत होती आणि कधी थांबायचं ते तिनं आधीच ठरवून ठेवलेलं होतं. मी ते झाकण शंभरदा तरी उघडलं असेन.

माझ्या आताच्या गाडीतही लेबलं आहेत. पाचही टायरं तिसरीत आहेत. माझी मुलगी पुण्याहून फोनवर म्हणते, "बाबा, माझी एकदम नवीन दिसतात," आणि मी तिला वय विचारतो, आणि ती हसते. मागच्या महिन्यात मी सहावं लेबलही चिकटवलं. नाव लिहिलं. इयत्तेची जागा कोरी आहे. रोज डिकी उघडतो, पेन काढतो, पुन्हा खिशात ठेवतो. काल बायको म्हणाली, "लिहा की पहिली. पहिलीला काय घाबरायचं?"

मी म्हटलं, पहिली लिहिली की दहावी मोजावी लागते.