बन्नूरकरांचं मूळ गाव

आधी मूळ गाव आणि मग पाणी, असा पाहुण्यांसाठी कायदा करणारा माणूस अख्ख्या म्हैसुरात एकच होता: माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. तहानेनं जीव चाललेला पाहुणासुद्धा पणजोबांपर्यंत जाऊन आल्याशिवाय सुटायचा नाही. स्वतःचं आडनाव बन्नूरकर. बन्नूर तासाभरावर, बसेस ढीगभर. पण हे कधी तिकडे फिरकले नाहीत. पूर्वज दक्षिणेत फौजेबरोबर आले, असं ठणकावून सांगायचे. दसऱ्याच्या मिरवणुकीत घोडे दिसले की ताठ बसून म्हणायचे, "आमचं रक्त हे!" स्वतःला साधी सायकल येत नव्हती.

भाषेप्रमाणे राज्यं झाली आणि हे वेड फारच वाढलं. बाजारात कुणी सहज "निम्म ऊरु यावुदु?", तुमचं गाव कुठलं, असं विचारलं तरी त्यांचा चेहरा उतरायचा. त्यातच मुलीला साताऱ्याचं स्थळ आलं. रविवारी मंडळी येणार आणि मूळ गाव विचारणार! आतोबांची झोप उडाली. आत्या वैतागली, "अय्यो, एकदा त्या बन्नूरला जाऊन या की हो!"

"आणि तिथं कुणी ओळखलंच नाही तर?" ते अगदी हळू म्हणाले. मीच त्यांना बसमध्ये बसवलं आणि बरोबर गेले.

बन्नूरला देवळाच्या कट्ट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आम्ही आडनाव सांगितलं, खुणा सांगितल्या, तेव्हा ते कानडीत म्हणाले, "हां हां, ती मराठी माणसं! आम्ही त्यांना मैसूरवालेच म्हणायचो. म्हैसूरहून आले, काही वर्षं राहिले, परत म्हैसूरला गेले."

झालं! आता आतोबा खाली बसतात, असं मला वाटलं. ते खालीच बसले, पण पोट धरून हसायला. "अगं, म्हणजे आपण म्हैसूरचेच की गं! उगाच इतकी वर्षं जिवाला घोर!" परतताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून चक्क घोरले.

रविवारी व्याह्यांनी विचारलंच. आतोबा म्हणाले, "इथलेच."

"पण त्याआधी?"

"त्याआधीही इथलेच. उप्पिट घ्या, गार होतंय." लग्न ठरलं.

पुढेही ते पाहुण्यांना विचारायचे, पण कुणी अडखळलं की स्वतःच तांब्या पुढे करायचे, "नाही माहीत? असू दे हो. पाणी प्या आधी."

आता आतोबा नसलेल्या त्या घरी गेलं की पाणी लगेच मिळतं. मी मात्र तांब्या हातात धरून उगाच थोडी थांबते, कुणी काही विचारतंय का म्हणून.