कण्हेरीच्या पानांची भाजी

अळ्यांची लोकांना किळस येते. मला भीती वाटायची, सरळ भीती. मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या मागे कण्हेर होती आणि रोज देवाला पाच फुलं आणायचं काम माझं. एके सकाळी फांदीवर अंगठ्याएवढी जाड, हिरवी अळी दिसली. डोक्याशी दोन निळे डोळे! हात लागताच तिने मान वर केली, तशी मी परडी टाकून धूम ठोकली. आई म्हणाली, "अळी आहे गं, वाघ नाही." तिला काय जातंय बोलायला!

मग मी लांबूनच बघायचे. ती दिवसभर पानं खायची आणि टम्म फुगायची. नऊ वर्षांच्या माझ्या डोक्याने ठरवलं, पानं पौष्टिक असणार. एके दुपारी भातुकलीत मी तीच पानं चिरून भाजी केली. भातुकलीत खोटं खोटं खायचं असतं, पण माझ्या चार वर्षांच्या बहिणीला ते कुठलं कळायला? "कडू आहे," म्हणाली आणि गिळून मोकळी झाली.

तासाभरात ती ओकायला लागली. आईने मीठ-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. "ठसकासुद्धा लागला नाही बघ, केवढी दृष्ट लागलीय पोरीला!" आता उतरेल म्हणून ती निवांत बसली. मी दाराआड उभी होते. बोलले तर मार, नाही बोलले तर... बहिणीचं ओकणं थांबलं. ती नुसती पडून राहिली, हातपाय गार. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

"आई, दृष्ट नाही गं. मी तिला कण्हेर खायला घातली. अळी खाते ना, म्हणून."

आईने मारलं नाही. बहिणीला उचलून ती अनवाणी रिक्षाकडे धावली.

दवाखान्यात डॉक्टर ओरडले, "अळीला पचतं ते! माणसाचं हृदय बंद पडतं! इतका वेळ काय करत होतात?" ज्या अळीला बघून मी पळत होते, तिने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. आणि कण्हेर मी रोज उघड्या हातांनी तोडत होते.

तिसऱ्या दिवशी बहीण घरी आली. मी भातुकलीच्या ताटलीत खरे पोहे वाढले. तिने ताटली माझ्याकडे सरकवली.

"ताई, आधी तू खा."

मी खाल्ले. ती किती तरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली.