बाकावर बसलेले काका

बाबांना दाराजवळच्या बाकावर त्यांचे थोरले भाऊ दिसायला लागले, तेव्हा काकांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. "अरे, दादाक पाणी दी. कधीपासून बसान आसा," असं बाबा म्हणायचे आणि आई गुमान तांब्या नेऊन ठेवायची.

काकांच्या दिवसांना मी गावी गेलो नव्हतो. रजा नाही असं सांगितलं होतं. खरं तर मागितलीच नव्हती. त्यामुळे काका काहीतरी मागायला आलेत, हे आईचं म्हणणं मला लगेच पटलं. आईने गावी फोन करून देवापुढे गाऱ्हाणं घालायला सांगितलं. मला बजावलं, "घरची गजाल आसा, भायर बोलू नको. बोललंस तर गाऱ्हाण्याचो उपेग नाय."

पुढे बाबा पाय घासत चालू लागले, पहाटे ओरडू लागले. मी त्यांना परळलाच, घराजवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "नसलेली माणसं दिसतात का यांना?"

"छे छे. नुसते चिडतात," मी म्हणालो.

शांत राहायला त्यांनी थेंब दिले. ते मीच चहातून द्यायचो. तिसऱ्या दिवशी बाबांचा हात कोपरात वाकेना, पेजेचा चमचा ओठांशी नेला तर जबडा उघडेना.

मोठ्या हॉस्पिटलात कळलं, की मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाच्या गुठळ्या साठत होत्या. माणसं दिसणं, पाय जड होणं, सगळं त्यातलंच. आणि अशा पेशंटला तसले थेंब सोसत नाहीत. थेंब बंद केले. जबडा सुटला, पण बाबा पुन्हा उभे राहिले नाहीत. पाच महिन्यांत गेले.

"त्या मेल्याने माझ्या बाबांचं लाकूड केलं," असं माझी बहीण येईल त्याला सांगायची. मी ऐकून घ्यायचो. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरली आणि बसलेल्या पेशंटांसमोर त्यांना वाट्टेल ते बोलली. त्यांनी मान खाली घातली. माझं उत्तर त्यांच्या कागदावर लिहिलेलं असणारच. त्यांनी तो कागद काढला नाही.

घरी येईपर्यंत मी तिला सगळं सांगून टाकलं. ती त्याच बाकावर बसली. मग विचारलंन, "तू नाही म्हणालास, तेव्हा बाबा काय बोलले?"

"काही नाही. माझ्याकडे बघत होते."